पाचातून एकदा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते खेळलेले खानदेशात कोणी मनावर घेत नाही. वर्षभर जुगाराच्या नावानं बोटं मोडणाऱ्या बायासुद्धा त्या दिवशी बैठकीला चहा करून देतात. त्यामुळं सुपडू आबांनी भर ओट्यावर घोंगडी टाकून जावयाशी पैज लावली, तरी गावाला त्यात वावगं दिसलं नाही. दिसलं ते एकट्या मंदाला, कारण पैज तिच्या राहण्यावर लागली होती.

मंदा ही आबांची थोरली लेक. कौतिकला दिलेली. तो भुसावळला इंजिनावर फायरमन. सणाचं आमरस-सांजोरीचं जेवण करायचं आणि संध्याकाळच्या पॅसेंजरनं बायकोला घेऊन जायचं, असं ठरवूनच तो आला होता. आपल्याच हातच्या करपलेल्या भाकरींना तो विटला होता. मंदाला मात्र आणखी आठ दिवस हवे होते. लिंबाला झोका वर्षातून एकदा बांधतात, आणि इकडेतिकडे दिलेल्या मैत्रिणी त्या झोक्यापाशीच भेटतात. तिनं आईला सांगितलं, आईनं आबांना, आबांनी जावयाला. जावई म्हणाला, एक डाव खेळू. मामा जिंकले तर आठ दिवस, मी जिंकलो तर आजच्याच गाडीनं.

डाव पोकरचा. रेल्वेच्या गार्डांकडून कौतिक तो शिकला होता आणि दुपारभर त्यानं आबांना शिकवला होता. पाच पत्ते घ्यायचे, नको ते एकदाच बदलायचे. हात आवडला नाही तर टाकून नव्यानं वाटायची एकदा मुभा. आबांना सगळ्यात आवडला तो त्यातला अंदाज. चार बदाम हातात असले तर बदाम उरले नऊ, न दिसणारे पत्ते सत्तेचाळीस, म्हणजे पाचवा बदाम साधारण पाचातून एकदा येणार. हे त्यांनी दोनदा म्हणून घेतलं.

मंदा झोक्यावर बसून ओट्याकडे बघत होती. आबांच्या हातात दोन जोड्या आल्या, दहिल्यांची आणि सत्त्यांची. कौतिकनं एकच पत्ता बदलला. आबांनी ओळखलं, पोरगा एका रंगाच्या मागे आहे; पाचही एका रंगाचे झाले तर ते दोन जोड्यांवर भारी. कौतिकनं विचारलं, मामा, लढता की टाकता? पाचातून चारदा आपण, असा विचार करून आबांनी पत्ते उघडले.

कौतिकनंही उघडले. पाचही बदाम.

ओट्यावर हशा पिकला. मंदानं पाय जमिनीला टेकवला. आता उठून गाठोडं बांधायला हवं होतं. पण आबा हसले नाहीत.

"मी चुकलो कुठी ते सांग."

"तुम्ही नाही चुकले, मामा. खरं म्हणजे मीच चुकीचा त्या एका पत्त्यासाठी अडून बसलो. पाचातून चारदा तुम्हीच जिंकता."

"मंग ते चार दाखव मले."

हिशेब तर जावयानंच शिकवलेला. त्यानं चार बदाम बाजूला मांडले, टाकलेला पत्ता वेगळा ठेवला, उरलेले पिसले. शेजारच्या अभिमननं मोजायला चिंचोके घेतले. आता आबांचे पत्ते त्यात मिसळायचे की नाही, यावरच मोठी हुज्जत झाली. आबा म्हणाले, ते माझ्या हातात होते, तुझ्याकडे येतील कसे? कौतिक म्हणाला, मला कुठं माहीत होतं तुमच्या हातात काय आहे? शेवटी मिसळले. पहिलाच पत्ता निघाला बदामाचा. पुन्हा हशा. मग चार वेळा दुसरेच रंग निघाले, आणि कौतिक पत्ते गोळा करत म्हणाला, पटलं ना?

झोक्यावरून मंदा बोलली, "आबा, सरकीचे पाच दाणे लावून उगवण समजते का?"

आबांनी मान डोलावली. शेतकऱ्याला याहून जास्त सांगावं लागत नाही. "खरं शे पोरीचं. पिस."

कौतिकलाही आता चेव आला होता. आपला हिशेब खरा ठरवायचा म्हणून तो मांडी ठोकून बसला. पत्ता निघे, अभिमन चिंचोका टाके, बदाम आला की बाजूला टाके. सावली ओट्यावरून उतरली. तिची मैत्रीण मंजुळा मागून झोका देत होती. तिनं मंदाच्या कानात विचारलं, गाठोडं नाही बांधायचं? मंदानं तिचा हात दाबला.

निंभोऱ्याकडून गाडीची शिट्टी आली.

"पाटील ड्रायव्हरचं इंजिन," कौतिक पिसता पिसता म्हणाला. "तोच अशी लांब ओढतो." आणि एक पत्ता काढला. चौकटचा निघाला. मग त्याचा हात तसाच राहिला.

स्टेशन अर्ध्या कोसावर. आता धावून उपयोग नव्हता. त्यानं झोक्याकडे पाहिलं.

"तुला शिट्टी नाही ऐकू आली?"

"आली की. पण तुमचा हिशेब चालला होता."

सकाळची गाडी आहे, असं तो पुटपुटला. आबा म्हणाले, पैज आजच्या गाडीची होती आणि ती तर गेली. यावर आतून सासूबाईही हसल्या, आणि मग कौतिकलाही हसू आवरेना. पुढच्या आठवड्यात न्यायला येतो, म्हणाला, आणि रात्रीच्या जेवणाला आमरस उरलाय का, ते विचारलं.

अभिमननं चिंचोके मोजले. पंचवीस वेळांत बदाम सहा. आबा म्हणाले, जवळपास बसतं.

मंदानं मात्र कुणाला सांगितलं नाही, की सरकीचं बोलताना तिनंही मनात अंदाज बांधला होता. हा माणूस हिशेब अर्धा टाकून वेळेवर उठेल, असं पाचातून एकदा. तिनं पायानं जमीन ढकलली आणि झोका वर गेला.