हात न लावता

प्राचार्यांनी बोलावलं तेव्हा केरबा सर व्हॉलीबॉलच्या फाटक्या जाळीला गाठी मारत होते. हात पँटला पुसून ते ऑफिसात गेले.

केरबा मूळचे सोयगावकडचे. घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. ते मात्र मिसरूड फुटता फुटता फौजेत भरती झाले, पलटणीच्या बॉक्सिंग टीममध्ये आले, नाकाचं हाड मोडून घेतलं आणि पेन्शन घेऊन औरंगाबादेत एका ज्युनिअर कॉलेजात खेळाचे शिक्षक झाले.

"अकरावी-बारावीच्या मुलांना बॉक्सिंग शिकवा," प्राचार्य म्हणाले.

केरबांचा चेहरा उजळला. इतके दिवस लेझीम आणि कवायतीवर चाललं होतं.

"पण एक अट आहे. कुणी कुणाला हात लावायचा नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे नुसता व्यायाम. दोरीवरच्या उड्या, हवेत ठोसे, पिशवीवर ठोसे. विद्यापीठाच्या नावावरून गावात काय चाललंय ते बघताय ना? मागच्या महिन्यात आपल्याच वर्गात बाकं फेकली पोरांनी. त्यांची रग कुठंतरी जिरली पाहिजे."

"पर साहेब, मारायचंच नाय तर त्याला बॉक्सिंग कशाला म्हणायचं?"

"ते तुम्ही बघा," म्हणत प्राचार्यांनी फोन उचलला.

रात्री जेवताना केरबांनी बायकोला, कस्तुराबाईला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली. "म्हंजे सैपाक करायचा अन् जेवायचं नाय?" तिनं विचारलं. केरबांनाही तसंच वाटत होतं.

तरी त्यांनी वर्ग सुरू केला. मैदानाच्या कडेला लिंबाच्या फांदीला जाड कापडाच्या पिशव्या टांगल्या. त्या शिवून दिल्या शहागंजातल्या अन्सारभाई शिंप्यांनी, आत चिंध्या आणि भुसा भरून. पिशव्या घेऊन आली ती त्यांची मुलगी रईसा. अकरावीत होती. पिशव्या टेकवून ती तिथंच उभी राहिली.

"सर, कुणी कुणाला हात लावायचा नाही ना?"

"व्हय."

"मग मुलींनी यायला काय हरकत आहे?"

केरबांनी खूप विचार केला. हरकत सापडेना. दुसऱ्या दिवसापासून रईसा ओढणीची गाठ मारून शेवटच्या पिशवीवर ठोसे मारू लागली.

पिशव्या झाल्या की जोड्या. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, मधे दोन हातांचं अंतर. एकानं ठोसा टाकायचा, पण मूठ समोरच्याच्या तोंडाशी पोचायच्या आधी थांबली पाहिजे. दुसऱ्यानं हात कानशिलाशी, कोपरं बरगड्यांशी आणि पाय सतत हलते ठेवायचे. "मारणं सोपं हाय," केरबा ओरडायचे, "थांबवणं अवघड!" ओरडून झालं की आपण हे काय बोललो, असं त्यांचं त्यांनाच वाटायचं. फौजेत त्यांना कुणी थांबायला शिकवलं नव्हतं.

सगळ्यांत चांगली जोडी पुंडलिक आणि मल्हारीची. पुंडलिकच्या घरचे लोक विधानसभेत नामांतराचा ठराव झाला त्या साली गाव सोडून शहरात आले होते, कारण गावात त्यांचं घर जाळलं गेलं. आता बाप वाळूजच्या नव्या कारखान्यात, आई कडूबाई बांधकामावर. मल्हारीचा बाप म्हणजे पैठण रोडवरचे धोंडिबा पाटील. जमीन कारखान्यांत गेली तेव्हापासून जीप घेऊन पुढारकी करणारे. ही दोन पोरं एकमेकांसमोर उभी राहिली की बाकीचे ठोसे थांबवून बघत बसायचे. मुठी वाऱ्यासारख्या सुटायच्या आणि नाकासमोर जागच्या जागी थांबायच्या.

एक दिवस धोंडिबा पाटलांची जीप मैदानाशी थांबली. मागं दोन दांडगे गडी बसलेले.

"गुर्जी, बरं करताय," पाटील म्हणाले. "पोरं तयार असू द्या. ते नामांतर आपण होऊ देणार नाय."

"पाटील, इथं हात लावायचा नाय कुणाला. तसं हाय."

पाटील डोळा मिचकावून हसले. "कळलं, कळलं."

पुढच्या आठवड्यात नामांतराच्या चळवळीतला एक तरुण आला आणि शांतपणे म्हणाला, "सर, ही पोरं कुणाच्या विरुद्ध तयार करताय तेवढं सांगा." केरबांनी त्यालाही तेच सांगितलं. त्याचाही विश्वास बसला नाही. मग चितेगावच्या एका कारखान्याचा माणूस आला. त्याला संपाच्या वेळी गेटवर उभं करायला पोरं हवी होती. "शिस्तीची दिसतात," तो म्हणाला. हात न लावण्याचं ऐकून तोही हसला.

केरबा गोंधळून गेले. जो तो येऊन त्यांच्या वर्गाचा अर्थ सांगत होता, आणि त्यांना स्वतःलाच तो माहीत नव्हता.

"सर, तुम्हाला काय वाटतं?" एकदा पिशव्या उतरवताना पुंडलिकनं विचारलं. "बाबासाहेबांचं नाव द्यावं का नाही?"

केरबांना हे कुणी विचारलंच नव्हतं. "मी तवा फौजेत होतो," ते म्हणाले. हे उत्तर नव्हतं, ते दोघांनाही कळलं. पुंडलिक मान हलवून गेला.

नामांतरासाठी निघणाऱ्या मोर्चाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वर्ग सुटला. पुंडलिक खिशाला निळा बिल्ला लावून फाटकाबाहेर पडला. केरबा पिशव्या खोलीत ठेवत होते, तेवढ्यात रईसाची किंकाळी आली. "सर! मार रहे हैं उसको!"

केरबा धावले. फाटकाबाहेर जीप उभी होती. चार-पाच जण पुंडलिकला घेरून काठ्या चालवत होते. पुंडलिक तसाच उभा होता, जसं त्यांनी शिकवलं होतं. मुठी कानशिलाशी, कोपरं आत, हनुवटी खाली, पाय हलते. काठ्या हातांवर पडत होत्या. तो एकही ठोसा मारत नव्हता.

केरबा मधे घुसले. समोरच्या गड्याला त्यांनी ओळखलं. पाटलांच्या जीपमध्ये मागं बसलेल्या दोघांतला होता तो, दुसराही शेजारीच काठी चालवत होता. जबडा अगदी समोर. केरबांचा उजवा हात आपोआप उठला, पलटणीला कप मिळवून देणारा हात, आणि जबड्यापर्यंत पोचायच्या आधी हवेत थांबला. तो गडीसुद्धा क्षणभर चकित झाला. मग केरबांच्या खांद्यावर काठी बसली. आरडाओरडा ऐकून रस्त्यावरची माणसं धावली, तशी जीप निघून गेली.

रईसानं रिक्षा थांबवली. घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर म्हणाले, "दोन्ही हात मोडलेत. पण हात वर नसते तर डोकं फुटलं असतं. पोरगं वाचलं."

केरबांना जरा हायसं वाटलं. मग कडूबाई आली, कामावरून तशीच, पायाला सिमेंट. तिनं पोराच्या हातांकडं पाहिलं, मग केरबांकडं.

"गुर्जी, तुमी माझ्या लेकराला मार खायलाच शिकवलं का?"

डॉक्टरांनी सांगितलेलं तिला सांगावं असं केरबांच्या मनात आलं. पण त्यांनी नुसतं स्टूल तिच्याकडं सरकवलं. डॉक्टर खोटं बोलत नव्हते आणि बाईही खोटं बोलत नव्हती.

पुंडलिक हळूच म्हणाला, "सर, तो माझ्या टप्प्यात होता. मारता आलं असतं. हात थांबला. का थांबला?"

"माझा बी थांबला," केरबा म्हणाले.

घाबरलो का शहाणे झालो, दोघांपैकी कुणालाच सांगता येईना.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मल्हारी बसला होता. आत जायची त्याची छाती होईना. केरबा दिसताच तो उठला.

"सर, बाबांचीच माणसं होती. मी सांगू का पोलिसांत?"

"नको. तुला घरी राहायचंय. मी पाहिलंय, मी सांगतो."

चौकीत जमादारानं सगळं लिहून घेतलं. दोघांचे चेहरे, जीप, पाटलांचं नाव. एवढं सांगताना केरबा कुठं अडखळले नाहीत. शेवटी जमादारानं पेन ठेवून विचारलं, "गुर्जी, तुम्ही नामांतरवाले का?"

"व्हय," केरबा म्हणाले. स्वतःच्या तोंडून आलेला शब्द ऐकून ते दचकले. पण मागं घ्यावासा वाटला नाही.

दोघे गडी पकडले गेले आणि जामिनावर सुटलेही. पाटील कॉलेजात येऊन प्राचार्यांशी दार लावून बोलले. दुसऱ्या दिवशी प्राचार्य म्हणाले, "वर्ग बंद करा, केरबा. हात न लावताही इतकं होतं म्हणजे..." वाक्य अर्धंच सोडून त्यांनी फोन उचलला.

केरबांनी पिशव्या सायकलवर लादल्या आणि बेगमपुऱ्याकडच्या मोकळ्या जागेत एका बाभळीला टांगल्या. कुणी येईल असं वाटलं नव्हतं. रईसा आली, मागून आणखी काही पोरं. मल्हारी घरी न सांगता आला.

"सर, आता खरं मारायला शिकवा," तो म्हणाला.

"कुणाला मारायचंय?"

"ठाऊक नाही," मल्हारी म्हणाला.

"मग आधी दोरी घे."

काही दिवसांनी दोन्ही हातांना प्लास्टर घातलेला पुंडलिक कडूबाईबरोबर आला. केरबा घाईनं पुढं झाले. "अरे, तू कशाला आला? हात बरे होऊ दे."

"पाय चालतात ना, सर."

तो मल्हारीसमोर उभा राहिला. मल्हारीनं मुठी वर घेतल्या, मग काय करावं न कळून खाली सोडल्या. नुसतेच दोघांचे पाय हलू लागले, पुढं, मागं, बाजूला. धूळ उडत होती. कडूबाई जरा वेळ बघत उभी राहिली.

"किती येळ चालतं हे?" तिनं विचारलं.

"अर्धा तास, बाई."

ती एका दगडावर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "त्याला वाकडा पाय टाकू देऊ नका. पडला तर हात टेकता येणार नाय त्याला."

"व्हय," केरबा म्हणाले, आणि पुंडलिकच्या मागं जाऊन उभे राहिले.