मोकळं म्हणेपर्यंत

मुकादमांनी मशीन जमिनीवर टेकवलं, मागच्या मुठीत बुटाचं टोक घातलं आणि दोरी ओढली. करवत दोनदा खोकली, तिसऱ्यांदा पेटली. ब्रेक पुढे ढकलून त्यांनी साखळी जागच्या जागी थांबते ना ते पाहिलं आणि इंजिन बंद केलं. रोज सकाळी हेच. बावीस वर्षांत या कवायतीला एक दिवस खाडा नव्हता. त्यांचा जावई खांद्यावर दोरखंडाचं वेटोळं घेऊन शेजारी उभा होता.

झाड बंद पडलेल्या छापखान्याच्या मागच्या आवारात होतं. उभ्या उभ्या वाळलेलं, बुंधा दोघांच्या कवेत मावणार नाही एवढा. वर कुठेतरी एक फांदी वाऱ्याने करकरली, थांबली, पुन्हा करकरली.

"मामा, ऐकलंत?" जावई म्हणाला.

"होय, होय," मुकादम म्हणाले आणि पेट्रोलच्या डब्याचं झाकण फिरवत राहिले. मान काही त्यांनी वर केली नाही.

जावयाच्या शर्टाच्या खिशात ऑफिसचा कागद होता. मागच्याच महिन्यात त्याला टोळीचा सुरक्षा-प्रमुख केलं होतं, आणि तेही मामांच्याच शिफारशीवरून. कागदावर प्रत्येक मशीनवाल्यापुढे सात रकाने होते. हेल्मेट, बूट, हातमोजे वगैरे सहा खुणा त्याने कालच केल्या होत्या. सातवा रकाना होता, 'ऐकू नीट येते'. तो कोरा होता आणि कागद आज दुपारी द्यायचा होता.

सकाळी डबा भरताना बायको म्हणाली होती, "टीव्ही मोठ्याने लावणारे सगळे बहिरे असतात का हो?" बहिरे हा शब्द घरात तोवर कोणी काढलाही नव्हता. मग डब्याचं झाकण दाबत, त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "बाबांना घरी बसवलंत ना, तर महिन्याभरात खाट धरतील. बघा बाई, तुमचं तुम्ही."

"अहो जावईबापू, सुरू करायचं का, की आरती ओवाळू?" तिकडून ढोल्या ओरडला. टोळीतला हा तिसरा गडी. वय पन्नास, नाव पोटावरून पडलेलं.

"तू लांब उभा राहा," जावई म्हणाला. "तुझ्यावर झाड पडलं तर पंचाईत व्हायची."

"कोणाची? झाडाचंच हाड मोडेल!"

मुकादम हसले. ढोल्या हसताना दिसला की ते हसत, हे जावयाच्या अलीकडे लक्षात आलं होतं.

टोळीचे नियम दोनच, आणि दोन्ही मुकादमांनी घालून दिलेले. ते तरुण असताना त्यांचा जोडीदार पडत्या झाडाखाली सापडून मेला, तेव्हापासूनचे. पहिला असा, की शेवटचा काप घालण्याआधी मशीन बंद करायचं. मशीनवाला बुंध्याच्या मागे असतो, त्याला पुढचं काही दिसत नाही. म्हणून त्याने विचारायचं, "मोकळं?" दोर धरलेल्या माणसाने, आणि फक्त त्यानेच, ओरडायचं, "मोकळं!" उत्तर नाही तर काप नाही, मग दिवस मावळला तरी बेहत्तर. दुसरा नियम, मशीनवाल्याला मागून हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. लांबून वळसा घालून समोर यायचं, त्याने मान वर केली की मग बोलायचं. "एवढे दोन पाळ," कामाच्या पहिल्या दिवशी मामा त्याला म्हणाले होते, "म्हणजे माझी लेक सुखात राहील." घरी ते त्याला अहो-जाहो करत. कामावर अरे-तुरे, हाही त्यांचाच कायदा.

नऊच्या सुमाराला पुढची खाच पाडून झाली. पाचर सुबक सुटून आली. म्हाताऱ्याच्या हाताला तोड नव्हती, ते कोणीही सांगितलं असतं. दोर शेंड्याजवळ बांधून जावई आणि ढोल्या झाडाच्या उंचीपेक्षा लांब, तिरके जाऊन उभे राहिले. मुकादम बुंध्याच्या मागे दिसेनासे झाले. थोडा वेळ करवत चालली. मग बंद झाली.

"मोकळं?"

जावयाने तोंड उघडलं आणि मिटलं.

रात्रभर विचार करून त्याने हेच ठरवलं होतं. यापेक्षा निर्धोक परीक्षा त्याला सुचली नव्हती. उत्तर आलं नाही तर मामा थांबतील, पुन्हा विचारतील, एक सणसणीत शिवी हासडतील. ती शिवी त्याला हवी होती, देवाशपथ हवी होती. ती ऐकून तो सातवी खूण करणार होता आणि घरी जाऊन पोटभर जेवणार होता. ढोल्याला त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. ढोल्याच्या तोंडात तीळ भिजत नसे.

ढोल्याने त्याच्याकडे पाहिलं.

"थांबायचंय होय? मग पाण्याचा कॅन आणतो, तिकडेच राहिला."

जावयाचं लक्ष बुंध्याकडे होतं. एक. दोन. तीन.

करवत पेटली.

मोजतात, त्याच्या मनात आलं. मामा नुसते तीन आकडे मोजतात. कधीपासून मोजत असतील, देव जाणे. आणि तेव्हा त्याला कळलं, की शेजारी कोणी नाही.

ढोल्या झाडाच्या बरोबर पुढे, पडायच्या वाटेत, कॅन उचलायला वाकला होता. करवतीचा आवाज ऐकून तो सरळ झाला, पण पळाला नाही. मोकळं कोणी म्हटलेलं नव्हतं, म्हणजे मामा मशीनच गरम करत असणार. त्याने जावयाकडे बघून कॅन उंच धरला आणि हसून दाखवला.

जावई ओरडला. मग दोर टाकून धावला. बुंध्यातून पहिला कडाका निघाला तेव्हा त्याची मूठ ढोल्याच्या पट्ट्यात होती. दोघे एकमेकांवर कोसळले आणि मागे जमीन हादरली. वाळक्या फांद्या मोडत, उडत, त्यांच्या पाठीवर पडत राहिल्या.

धूळ बसली. ढोल्याच्या नाकातून रक्त येत होतं. तो बसल्या जागी आपले पाय चाचपून पाहत होता, एक, मग दुसरा. कॅन खोडाखाली पापडासारखा चपटा झाला होता.

मशीन बंद करून मुकादम पुढे आले. त्यांनी दोघांना पाहिलं, कॅन पाहिला. चेहरा पांढराफटक पडला.

"आत कशाला कडमडलास रे?" ते ढोल्यावर ओरडले. "मोकळं म्हणाला ना हा! मी ऐकलं ना! चांगलं खणखणीत ऐकलं!"

ढोल्याने जावयाकडे पाहिलं.

मुकादम वळले आणि थोट्या बुंध्यावर त्यांच्याकडे पाठ करून बसले. हातमोजा काढायला लागले. तो निघेना.

जावई त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. काही न बोलताही निभावलं असतं. मामांनी ऐकलं होतं, तो बोलला होता, ढोल्या वेंधळा होता. सगळं नीट बसत होतं, आणि घरी संध्याकाळी टीव्ही लागला असता.

"मामा, मी बोललो नव्हतो," तो म्हणाला. "मुद्दाम गप्प बसलो. चूक माझी आहे."

मुकादम हातमोज्याचं एकेक बोट ओढत राहिले.

सांगून तर झालं होतं. ढोल्याने ऐकलंही होतं.

जावयाने कपाळावरची धूळ पुसली. मग बुंध्यापासून चार पावलं लांब राहत, मशीनला वळसा घालून तो मामांच्या समोर गेला. त्यांनी मान वर करेपर्यंत थांबला, आणि तेच पुन्हा म्हणाला.