वीतभर वाळू

बुधवारी मी दुपारपर्यंत पाण्याशिवाय काही घेत नाही, आणि पहाटेची प्रार्थना देवळातच करते. त्या बुधवारी प्रार्थना आटोपून समितीच्या सभाघरात आले, तर माझी वहिनी फुआतिनो खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून वाळू ढवळत होती. सडक्या अंड्यासारखा वास सुटला होता.

"वहिनी, हात बाहेर काढा."

"अगं लुपे, खाली सगळं काळं झालंय. आज समिती तपासणीला येणार. लेउताकाकी बघतील तर म्हणतील, ह्यांच्या घरात बायका आहेत की डुकरं?"

आमच्या बेटावर प्रत्येक गावात बायकांची समिती घरोघर फिरते. चटया, भांडी, अंगण, सगळं पाहते, आणि घाण दिसली तर चारचौघींत सांगते. वहिनीचा जन्म अंगण झाडण्यात गेला. काळी वाळू तिला कशी बघवणार?

टाकी समितीचीच, देखभाल आमच्या घराकडे. प्रवाळाच्या कड्याआतल्या खाऱ्या सरोवरातले मासे आणि निळ्या ओठांचा शिंपला पाहुण्यांना दिसावा म्हणून ठेवलेली. पहिल्या खेपेला आम्ही चार बोटं वाळू घातली होती, तीही गोड्या पाण्यात धुऊन, पांढरी शुभ्र. ना धड पातळ, ना धड जाड. मासे मेले. समितीच्या प्रमुख लेउताकाकींनी तेव्हाच बजावलं होतं, आणखी एकदाच, लुपे; नाही जमलं तर ती जागा शिवणयंत्रांना. म्हणून या खेपेला मी सरोवरातून साखरेसारखी बारीक, जिवंत वाळू आणली. धुतली नाही. वीतभर थर दिला, वर दगड रचले. गाळणीचं यंत्र नाही, फक्त हवा सोडणारा छोटा पंप.

आता मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. शिंपला घट्ट मिटला होता.

घाबरायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटलीही नाही. सरोवराचं पाणी भरून मोठं घमेलं आणलं, आधी मासे आणि मग शिंपला त्यात हलवला, पंपही त्यातच सोडला. वहिनी रडवेली होऊन बादल्या वाहू लागली. टाकीतलं पाणी उपसून आम्ही नवं घालत होतो, वाळूला धक्का न लावता, एका ताटलीवर हळूच ओतत.

तेवढ्यात समिती आली. पुढे लेउताकाकी, हातात पंखा.

"काय सडलंय इथं?"

"वाळू ढवळली गेली, काकी."

"मग उपसा सगळी. घासून, धुऊन, उन्हात टाका. आमच्या गावात अशी घाण चालत नाही."

मागच्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या. लेउताकाकींना कुणी नाही म्हणत नाही.

"काकी, आज मी तुमचं ऐकणार नाही," मी म्हटलं. "वाळू धुतली तर टाकी खरंच मरेल."

"उपास डोक्यात गेला वाटतं हिच्या," कुणीतरी पुटपुटलं.

काकींनी पंखा थांबवला. "कारण सांग."

"पंचायत बसते तेव्हा प्रत्येक सरदार आपापल्या ठरलेल्या खांबाला टेकतो ना? वाळूचंही तसंच. वरच्या थरात हवा असते, तिथले जीव माशांची घाण फोडतात. फोडलेल्यातलं उरलेलं विष खालचे जीव संपवतात, आणि त्यांना हवा सोसत नाही. वीतभर वाळू लागते ती त्यांच्यासाठी. खालच्यांना ओढून वर आणलं, की पंचायत मोडली. वास त्याचाच आहे. मोडली आहे थोडीशी, एकाच कोपऱ्यात. बसेल परत."

"आणि नाही बसली तर?"

"तर शिवणयंत्रं आणा. मी स्वतः जागा झाडून देईन."

"दुपारी येते," काकी म्हणाल्या. "माझ्यादेखत सोडायचे प्राणी. आधी नाही."

दुपारी वास गेला होता. मी ताटलीभर पाणी हातात घेऊन हुंगलं, काकींपुढेही धरलं. त्यांनी नाक जवळ नेलं आणि पंख्याने टाकीकडे खूण केली. पंप टाकीत परत लावला. आधी एक मासा सोडला. तो खडकामागे गेला, मग बाहेर येऊन वाळूतलं काही टिपू लागला. मग दुसरा. शेवटी शिंपला जुन्या जागी ठेवला. तो मिटलेलाच.

आम्ही बसून राहिलो. वहिनीने उकडलेले तारोचे कंद आणि नारळाचं दूध आणलं, सगळ्यांनी खाल्लं. मीही खाल्लं, उपासाची वेळ संपली होती. काचेशी एक बारीक अळी वर आली, माशाने सांडलेला तुकडा धरून वाळूत खाली ओढू लागली. लेउताकाकी वाकून ते शेवटपर्यंत पाहत राहिल्या.

"मोलकरीण बरी ठेवलीस," त्या म्हणाल्या. "बोलत नाही, घाण खाऊन घालवते."

शिंपल्याची फट दिसली. निळी कड हळूहळू बाहेर आली आणि पसरली.

काकी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. बायकांकडे वळून म्हणाल्या, "टाकी इथंच राहील. जी वाळूत हात घालील तिने दंड म्हणून समितीला पेटीभर डबाबंद मासे द्यायचे. फुआतिनो, तुला यंदा माफ." मग पंखा उघडला. "चला पुढच्या घरी. तिथं फक्त जमीन आहे, तिथली घाण कामाची आहे असलं काही सांगायचं नाही."