घागरीभोवतीची चिलटं

सुकलालने ग्लासात व्हिनेगर ओतलं, भांड्याच्या साबणाचा थेंब टाकला आणि वर कागदाचा शंकू बसवला. चिलटं ग्लासाच्या काठावर आली, फिरली आणि पुन्हा कोपऱ्याकडे गेली. टाळी वाजवली की पांगायची, हात खाली आला की हजर.

आज भूपेंद्र येणार होता. "घर बघतो. तुमच्याने सांभाळणं होत नसेल तर सरळ जळगावला न्यायचं," असं मुलाने फोनवर सांगितलं होतं. सुकलालने मोरीत कढत पाणी ओतलं, पोतेरं उन्हात टाकलं, कांदे-बटाट्यांची टोपली ओट्यावर नेली. अमळनेरजवळचं हे घर त्याला सोडायचं नव्हतं. चिलटांपायी तर नाहीच.

कोपऱ्यात मंदाबाईच्या नावाची घागर होती. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यानेच ती भरली, वर खरबूज ठेवलं. आखाजी होऊन गेली तरी ते तिथेच होतं. आता त्याने खरबुजाची चांगली बाजू बाहेर वळवली.

भूपेंद्र आला तो खांद्यावरची पिशवी न उतरवताच कोपऱ्याशी गेला. खरबूज उचललं, तर अंगठा आत रुतला. चिलटांचा थवा उठला.

"आबा, हे आखाजीचं?"

"शे."

"सडलंय. दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसस."

"मग टाकलं का नाही? म्हणूनच सांगतो, एकट्याने होत नाही तुमच्याने. कपडे भरा."

"मी येत नही."

"अहो, पण हे घर..."

"तुन्ही माय घागरवरनं फय कसं खाये? बठ्ठास्ले वाटीसन. तू आखाजीले उना नही. मी कोणले वाटू?"

घागरीवरचं फळ आई सगळ्यांना वाटूनच खायची. भूपेंद्रने खरबूज खाली ठेवलं.

"सुट्टी मिळाली नाही, आबा."

"मी इचारं का?"

सुकलालने विळी ओढली. सडका भाग पेपरावर काढत गेला. देठाजवळ थोडा घट्ट गर उरला, त्याचे दोन काप केले. एक स्वतःच्या तोंडात टाकला. आंबला होता. तो त्याने थुंकला नाही. दुसरा मुलापुढे धरला.

कापावर चिलट बसलं. भूपेंद्रने ते फुंकरीने उडवलं आणि काप खाल्ला.

सुकलालने सालींसकट पेपर गुंडाळून त्याच्या हातात दिला.

"जाताना उकिरडावर टाकजो," तो म्हणाला आणि घागर उचलून धुवायला घेऊन गेला.