शनिवारची शिकवणी

शनिवारी लाकडाची गिरणी दुपारीच सुटायची. बाबा घरी यायचे, अंगावरचा भुसा झटकायचे आणि तेरा वर्षांच्या वेंडेलला म्हणायचे, "चल." एवढंच. दोघं पाइनच्या जंगलात निघून जायचे आणि त्याची नऊ वर्षांची बहीण ओझेला आईबरोबर चवळीच्या शेंगा सोलत बसायची.

"कुठे जातात गं ते?"

"पुरुषांची कामं असतात. हात चालव."

परतताना वेंडेलच्या हातात पीच सोड्याची बाटली असायची. तळाशी घोटभर उरवून तो तिच्यापुढे धरायचा. ती तोंड फिरवायची.

बाबा त्याला बंदूक शिकवत असणार, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. घरात बाबा कुणाशी चार शब्द बोलत नसत. त्यांनी आपल्याला कधी जवळ घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. आणि या वेंडेलला अख्खी दुपार मिळायची! एकदा तिने त्याच्या मक्याच्या लापशीत मूठभर मीठ ओतलं. त्याने मुकाट्याने खाल्लं, चुगली केली नाही. त्याचा तिला जास्तच राग आला.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी आई शेजारी गेली आणि ओझेला बाबा आणि वेंडेलच्या मागे निघाली.

ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेत बाबा एका ओंडक्यावर बसले होते. टोपी कपाळावर ओढलेली, पाय फाकलेले. वेंडेल समोर उभा. बंदूक कुठेच नव्हती.

"ए पोरा, कुठे निघालास?" आवाज बाबांचा नव्हता. तो शेरीफच्या गोऱ्या पोलिसांचा आवाज होता.

"दुकानात, साहेब."

"हात?"

वेंडेलने खिशातून हात बाहेर काढले.

"माझ्याकडे काय बघतोस?"

"नाही बघत, साहेब."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

वेंडेल गोंधळला. मान वर करून म्हणाला, "मी असं कुठे म्हटलं?"

बाबांनी उठून त्याच्या कानाखाली वाजवली. आवाज ओढ्यापलीकडे गेला. मग ते तिथेच उभे राहिले.

"रॉयल त्यांना हेच म्हणाला होता," ते म्हणाले. "हेच. याच सुरात. मी त्याच्या शेजारी उभा होतो."

रॉयल म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. बैठकीत त्याचा फोटो होता, पण त्याचं नाव घरात कुणी काढत नसे. पंधराव्या वर्षी तो दुकानात गेला आणि परत आला नाही, इतकंच ओझेलाला माहीत होतं.

बाबांनी वेंडेलला छातीशी घट्ट धरलं, त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि ते हमसून हमसून रडले.

झुडपामागून ओझेला हे सगळं बघत होती. असं जवळ घेणार असतील, तर तिने दहा थपडा खाल्ल्या असत्या. ती सरळ पुढे आली.

"मलापण शिकवा."

बाबांनी चटकन डोळे पुसले. "घरी जा, ओझेला."

"मी त्याच्यापेक्षा लवकर शिकते."

"घरी जा म्हटलं ना."

संध्याकाळी आईने तिचे केस विंचरायला घेतले आणि नेहमीपेक्षा हळू विंचरले.

"मुलींची शिकवणी वेगळी असते," ती म्हणाली. "ती मी देईन. अजून दोन-तीन वर्षं जाऊ देत. त्याची घाई करू नकोस, बाई."

पुढच्याच महिन्यात दोघं भावंडं आजीकडून अंडी घेऊन येत असताना शेरीफच्या माणसाने गाडी आडवी घातली. कुठे निघालात, टोपलीत काय, चोरलंत का. वेंडेलने नजर खाली ठेवून एकेक उत्तर दिलं. ओझेला त्या माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. वेंडेलने तिच्या मानेवर हात ठेवला आणि तिचं डोकं जोरात खाली दाबलं. माणूस हसला, बुटाने टोपली उलथवली आणि निघून गेला.

रस्ताभर ती भावाशी बोलली नाही. मानेवर त्याची नखं उमटली होती.

जेवताना आईने मुलांकडून कळलेलं सगळं बाबांना सांगितलं. बाबांनी आपल्या ताटातला कोंबडीचा मोठा तुकडा उचलून वेंडेलच्या ताटात ठेवला. ओझेला त्या तुकड्याकडेच बघत राहिली.

"शाब्बास," बाबा म्हणाले. "वर बघ रे. मी आहे."

वेंडेल ताटातच बघत होता.

"बेटा, माझ्याकडे बघ."

"हो, साहेब," वेंडेल म्हणाला. मान वर झाली नाही.

बाबांनी काटा खाली ठेवला. आई उठून चुलीकडे गेली आणि पाठ करून उभी राहिली. थोड्या वेळाने बाबाही उठले आणि टोपी न घेताच बाहेर गेले.

ओझेलाला वाटणारा हेवा त्या दिवशी संपला असं नाही. तो कोंबडीचा तुकडा तिला हवाच होता. वेंडेलने ताट तिच्याकडे सरकवलं. पहिल्यांदाच तिने तोंड फिरवलं नाही. अर्धा तुकडा तोडून घेतला, उरलेला त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "खा. तू नको वर बघूस, मी बघतेय."