ताऱ्यांचा तास

"जुळतात," कालिंदीबाई म्हणाल्या.

"जळतात," नूपुरने हळूच दुरुस्त केलं. "तारे जळतात. परत म्हणा बघू, बाई."

"जु-ळ-तात!" बाईंनी डावा हात टेबलावर आपटला. उजवा मांडीवर निपचित पडला होता.

रक्ताची गुठळी मेंदूत अडकली आणि बाईंचे शब्द गेले. लालबागच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेल्या बाई खिडकीकडे बोट करून नुसतं 'ते... ते' करायच्या. परळच्या हॉस्पिटलात नूपुर त्यांना पुन्हा बोलायला शिकवत होती. वर्षानुवर्षं जिभेवर बसलेलं काहीतरी बोलायला लावू, असं तिनेच सुचवलं. मग बाईंचे यजमान रघुवीर यांनी आठवीचं पुस्तक आणलं, त्यातला ताऱ्यांचा धडा काढला.

"बाई, शब्द थोडा घसरतोय, एवढंच," नूपुर म्हणाली.

बाईंनी मान हलवली. रघुवीरांची मूठ ओढून घेतली आणि तिच्यावर स्वतःची मूठ दाबत राहिल्या. "हाय... हायड्रोजन. दाब. खूप दाब. जुळतात." हात सुटला, बोटं उघडली. "हेलियम. उजेड."

नूपुर पाहतच राहिली. "म्हणजे जाळ नसतोच? सॉरी बाई. माझीच चूक."

रघुवीर विमा कंपनीतले निवृत्त कारकून. बाई घरी वह्या तपासायला आणत, तेवढाच त्यांचा विज्ञानाशी संबंध. आता करी रोडच्या खोलीत ते रोज संध्याकाळी पुस्तक उघडून बसू लागले.

"तारा जेवढा मोठा तेवढा जास्त जगत असेल, नाही का? इंधन जास्त."

"नाही हो! मोठा... उधळ्या. लवकर संपतो."

ही चूक खरी होती. पण रागाच्या भरात बाईंचं वाक्य नीट येतं, हे त्यांनी हेरलं आणि मग ते मुद्दाम चुकू लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तू काय शिकवतेस, असं आपण हिला कधी विचारलंच नाही, हेही तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं.

एकदा बाईंनी पुस्तक दूर ढकललं. डोळे भरले होते.

"धडाच येतो. च... च..." त्यांनी कपाकडे बोट दाखवलं. "ते येत नाही."

"चहा तू न मागता मिळेल," रघुवीर उठत म्हणाले. "तू हेलियमचं बोल."

दिवाळीआधी नूपुरने वाचा गेलेल्या पाचसहा जणांना एकत्र बसवलं आणि म्हणाली, "आज तास बाईंचा." कोपऱ्यात खुर्चीवर कुशाबा होते, कॉटन ग्रीनच्या गोदामातले जुने हमाल. झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. "उगाच आणतो झालं," त्यांची सून म्हणाली.

बाई खुर्चीचा आधार घेऊन उभ्या राहिल्या.

"सूर्य. हायड्रोजन... संपणार. आतला भाग... आक्रसतो. बाहेरचा फुगतो. लाल. राक्षस." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मग बाहेरचं सगळं... उडून जातं. आत राहतो... राहतो..."

शब्द येईना. नूपुरने रघुवीरांकडे पाहिलं. श्वेत बटू. त्यांच्या अगदी ओठांवर होता. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि खाली फरशीकडे पाहत राहिले.

पंखा फिरत होता. बाईंनी डावा पंजा उघडला, एकेक बोट मिटत नेलं. "लहान. आत... नवं काही होत नाही. नुसता गरम. मग हळूहळू... थंड."

"निखारा."

आवाज जाडाभरडा होता, अर्धा घशातच राहिलेला. सुनेने वळून पाहिलं आणि तिच्या हातातली पिशवी खाली गेली. कुशाबांची नजर बाईंच्या मुठीवर होती.

बाईंना नवल वाटलेलं दिसलं नाही. शेवटच्या बाकावरून उत्तर यावं तसं त्यांनी चष्म्यावरून तिकडे पाहिलं.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "बसा."

कुशाबा बसलेलेच होते. तरी ते सावरून, पाठ ताठ करून, नीट बसले.