बेचाळिसावं पान

समरजीतनं पाण्याचा पेला आबांच्या ओठांशी नेला आणि आबांनी तोंड फिरवलं.

"तू राहू दे," आबा म्हणाले. लकव्यानं जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. "नीलम पाजेल. तुला कुठं येतंय?"

पलंगाच्या पायथ्याशी नीलम, समरजीतची धाकटी बहीण, मोबाइल धरून उभी होती. पडद्यावर मोरिता मॅडम होत्या, जपानमधल्या एका वृद्धाश्रमाच्या प्रमुख. मुलाखत छान चालली होती. 'तीन वर्षं आजोबांचं सगळं मीच करतो,' हे वाक्य समरजीतनं जपानीत न अडखळता म्हटलं होतं. ते पडाव भागातल्या जपानीच्या क्लासमध्ये सरांनीच लिहून दिलेलं, आणि पाठांतरात त्याचा हात धरणारं तिथं कुणी नव्हतं. मॅडम इतक्या खूश झाल्या की म्हणाल्या, मग आत्ताच त्यांना पाणी पाजून दाखवा.

"आजोबा काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

समरजीतचे कान तापले. खरं सांगितलं की नोकरी गेली, दीड वर्षाची मेहनत पाण्यात.

"म्हणतात, आधी पाहुण्यांना चहा विचार," तो जपानीत म्हणाला.

मॅडम मनापासून हसल्या. त्यांनी आबांना वाकून नमस्कार केला. मोबाइल किंचित हलला. सहा महिने रोज संध्याकाळी नीलमच त्याच्याकडून धडे म्हणवून घ्यायची. जपानी तिलाही कळतं, हे त्याला आत्ता आठवलं.

पाच मिनिटांत निवड झाली आणि कॉल संपला. आई लगेच दर्पण कॉलनीत सांगायला निघाली. 'हॉस्पिटल लाइन' एवढंच ती सगळ्यांना सांगे, घरात आबांनासुद्धा. शिलेदारांच्या घरातला मुलगा परक्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालायला जाणार, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

नीलमनं पेला घेतला. आबांच्या पाठीशी उशी लावली, त्यांची हनुवटी जरा खाली केली आणि चमच्यानं पाणी दिलं. घोट उतरेपर्यंत थांबली, मग दुसरा चमचा. आबांना एकदाही ठसका लागला नाही.

"ये तूने कहाँ से सीखा?" समरजीतनं नेहमीसारखं हिंदीत विचारलं.

"तुझ्याच शुश्रूषेच्या पुस्तकात तर आहे, दादा. पान बेचाळीस."

ते पान समरजीतला तोंडपाठ होतं. परीक्षेत त्यावरच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क पडले होते. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मिळाली का नोकरी?" आबांनी विचारलं. "तिकडं काम काय करायचं असतं रे?"

समरजीतनं नीलमकडे पाहिलं. ती आबांची हनुवटी पुसत होती.

"सांग ना," मान वर न करता ती म्हणाली. "मॅडमना तर सांगितलंस, तीन वर्षं काय करतोस ते."